श्रीनगरचे जलमार्ग

श्रीनगर हे सरोवराच्या काठी वसलेले शहर आहे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे वर्णन खोटे नाही, परंतु अपुरे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८० मीटर उंचीवर असलेल्या या शहराच्या पूर्वेस डल सरोवर आहे, मध्यातून झेलम नदी वळणे घेत वायव्येकडे जाते आणि या दोहोंना जोडणाऱ्या नैसर्गिक व मानवनिर्मित कालव्यांचे जाळे अनेक शतके शहरभर पसरलेले होते. घरांचे पुढचे दार रस्त्याकडे आणि मागचे दार पाण्याकडे, अशीच जुन्या वस्तीची रचना होती. धान्य, जळण, भाजीपाला, लग्नाचे वऱ्हाड, एवढेच नव्हे तर राजाची स्वारीसुद्धा पाण्यावरून येत असे.

या जलमार्गांपैकी काही आज अस्तित्वात आहेत, काही अरुंद झाले आहेत आणि एक तर पूर्णपणे नाहीसा झाला आहे. जे उरले आहे ते पाहण्याचा उत्तम मार्ग म्हणजे एका माहीतगार हांजीला बरोबर घेऊन शिकाऱ्यातून सावकाश केलेली फेरी. हांजी म्हणजे काश्मीरचा परंपरागत नावाडी. प्रवासी बहुधा सूर्यास्ताच्या वेळी सरोवराच्या मोकळ्या पाण्यावर तास-दीड तास फिरून परततात. डोंगरांची प्रतिबिंबे त्यांना दिसतात, पण शहर दिसत नाही. शहर पाहायचे असेल तर नौका आतल्या अरुंद पाण्यात वळवावी लागते.

नौका आणि नावाडी

शिकारा ही सपाट तळाची, निमुळत्या टोकांची हलकी नौका होय. ती देवदाराच्या लाकडापासून बनवतात, कारण देवदार पाण्यात लवकर कुजत नाही. तळ सपाट असल्यामुळे तिला थोडेसे पाणीही पुरते. पाणवनस्पतींनी भरलेल्या उथळ कालव्यांतून ती अलगद सरकते. प्रवाशांच्या शिकाऱ्यावर चांदवा असतो आणि खाली गाद्या-तक्के. नावाडी टोकाशी बसून पानाच्या आकाराच्या छोट्या वल्ह्याने नौका हाकतो. त्या वल्ह्याचे पाते इतके शांतपणे पाण्यात उतरते की बोलणे थांबवावे लागत नाही. ही शांतता फेरीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण हांजीचे बोलणे हाच या प्रवासातील खरा मार्गदर्शक ग्रंथ असतो.

शिकारा ही हांजींच्या नौकांपैकी केवळ एक होय. चटयांचे छप्पर असलेला डूंगा हे कित्येक कुटुंबांचे घरच होते. चूल, झोपण्याची जागा, मुलेबाळे, सारे त्यावरच. बहत्स नावाची अवजड नौका शेकडो मण धान्य वाहून नेत असे. काश्मीर खोऱ्यात चाकांची वाहने चालतील असे रस्ते होण्यापूर्वी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, खानाबलपासून बारामुल्लापर्यंत झेलम हाच मुख्य मार्ग होता. शहराच्या अन्नधान्याचा पुरवठा हांजींच्या हाती होता. बारामुल्ल्याहून श्रीनगरला गाडीरस्ता १८९७ च्या सुमारास पूर्ण झाला आणि मालवाहतूक हळूहळू रस्त्यावर गेली. त्याच काळात युरोपीय प्रवाशांच्या निवासासाठी हाउसबोटी बांधल्या जाऊ लागल्या. एका व्यवसायाला ओहोटी लागत असताना दुसरा उभा राहिला. आजचा शिकारावाला हा धान्य वाहणाऱ्यांचा वंशज आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे त्याच्याकडे निव्वळ करमणुकीचे साधन म्हणून पाहण्याची चूक होत नाही.

सरोवराच्या आत

फेरीचा आरंभ पहाटे करणे चांगले. डलच्या काठच्या बुलेवार्ड रस्त्यावर ओळीने घाट आहेत. भाडे आणि मार्ग दोन्ही निघण्यापूर्वीच स्पष्टपणे ठरवून घ्यावेत. हाउसबोटींची रांग ओलांडून नौका पश्चिमेकडच्या आतल्या भागात शिरली की, मोकळे पाणी संपते आणि पाण्याच्या गल्ल्या सुरू होतात. दोन्ही बाजूंना विलो वृक्षांच्या रांगा, त्यांच्यामागे भाजीचे वाफे आणि मधूनमधून लाकडी घरे. मुले शाळेला निघाली तरी नौकेतून, बायका शेजारी गेल्या तरी नौकेतून. दुकानदाराचे दुकानही पाण्यावर टेकलेले असते.

येथील शेती दोन प्रकारची आहे आणि दोहोंमधला फरक समजून घेणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारास डेंब म्हणतात. सरोवराच्या तळातील गाळ आणि पाणवनस्पती उपसून त्यांचे थर एकावर एक रचायचे, कडेला विलो लावायचे आणि अशा रीतीने पाण्यातून कायमची जमीन उभी करायची, ही डेंबची पद्धत. दुसरा प्रकार राड, म्हणजे तरंगती बाग. लव्हाळ्यांच्या दाट जाळीची मुळे पाण्याखाली कापली की ती जाळी तराफ्यासारखी वर तरंगू लागते. तिच्या लांब पट्ट्या करून टोकांशी खांब रोवून त्या एका जागी अडकवतात. त्यावर पाणवनस्पती आणि चिखल यांचे लहान ढीग करून त्यांत काकडी, टोमॅटो, खरबूज यांची रोपे लावतात. पाणी मुळांना खालूनच मिळते. सरोवराची पातळी वाढली की बाग वर येते, उतरली की खाली जाते. त्यामुळे ती बुडत नाही आणि सुकतही नाही.

अशा बागेची चोरीही होऊ शकते. १८८९ ते १८९५ या काळात काश्मीरच्या जमीनमहसुलाची पाहणी करणारे वॉल्टर लॉरेन्स यांनी आपल्या १८९५ च्या ग्रंथात या चोरीची नोंद केली आहे. रात्री खांब काढायचे आणि पट्टा ओढत दुसरीकडे नेऊन बांधायचा, की मालकाला आपली जमीन ओळखणेही अवघड! अन्यत्र कोठेही शेतजमीन पळवून नेता येत नसेल.

सूर्योदयापूर्वी या अंतर्भागात भाजीचा तरंगता बाजार भरतो. शेतकरी लहान नौकांच्या टोकांशी उकिडवे बसून येतात. काश्मिरी जेवणात ज्याच्याशिवाय चालत नाही तो हाक नावाचा पाला, सलगम, दुधी भोपळा, काकड्या आणि नदरू, म्हणजे कमळाचे देठासारखे लांब कंद, असा माल नौकेतून नौकेत जातो. व्यवहार घाऊक असतो आणि बोलणे थोडके. ऊन चढेपर्यंत बाजार उठलेलाही असतो. भाजी तोवर शहराच्या दुकानांकडे निघालेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये गेलेल्या प्रवाशाला याच वाटेवर कमळांचे फुललेले मळे लागतात.

पुढे जलमार्ग रैनावारी या जुन्या वस्तीत शिरतो. येथे पाणी आणखी अरुंद होते, दगडी पायऱ्या थेट कालव्यात उतरतात. अशा घाटाला काश्मिरीत यारबल म्हणतात. पाणी भरणे, भांडी घासणे, कपडे धुणे यांखेरीज यारबल ही शेजाऱ्यांच्या भेटीची जागा होती. नळ आल्यानंतर तिचे ते महत्त्व ओसरले. पायऱ्या मात्र राहिल्या.

डलगेट

सरोवर आणि नदी जेथे जोडली जातात ती जागा म्हणजे डलगेट. प्रवासी या नावाने केवळ एक गजबजलेला चौक ओळखतात. वस्तुतः येथे एक दरवाजा आहे आणि संपूर्ण जलव्यवस्थेची किल्ली तोच आहे.

डलमध्ये येणारे पाणी मुख्यतः तेलबल नाल्यातून येते. हा नाला दाचीगामच्या अरण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या मारसर या पर्वतीय सरोवरातून उगम पावतो. सामान्यतः डलची पातळी झेलमपेक्षा वर असते. म्हणून सरोवराचे पाणी डलगेटमधून बाहेर पडून कालव्याने नदीला मिळते. परंतु वसंत ऋतूत बर्फ वितळल्यावर किंवा अतिवृष्टीच्या वेळी झेलम फुगते आणि तिची पातळी सरोवराच्याही वर जाऊ शकते. दरवाजा उघडा राहिला तर नदीचा गढूळ लोंढा उलट वाहत सरोवरात शिरेल आणि काठावरच्या वस्त्या व बागा बुडतील. तेव्हा दरवाजा बंद करतात. नौकांना या दोन पातळ्यांमधून जाता यावे म्हणून येथे दोन दारांमधला हौद बांधलेला आहे. नौका हौदात घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी हळूहळू पुढच्या पातळीला आणायचे आणि मग पुढचे दार उघडायचे, असे त्याचे कार्य चालते.

डलगेटच्या खालच्या कालव्याचे नाव चुंठ कुल. चुंठ म्हणजे सफरचंद आणि कुल म्हणजे प्रवाह. बाराव्या शतकात कल्हणाने रचलेल्या राजतरंगिणीत महासरित या नावाने येणारा प्रवाह तो हाच, असे त्या ग्रंथाचे भाषांतरकार ऑरेल स्टाइन यांनी दाखवून दिले आहे. महासरित आणि वितस्ता यांचा संगम त्या काळी तीर्थ मानला जाई. वितस्ता हे झेलमचे संस्कृत नाव होय. काश्मिरी माणूस तिला आजही व्येथ म्हणतो. चुंठ कुलच्या काठावर चिनारबाग आहे. एकोणिसाव्या शतकात येथील विशाल चिनारांखाली अविवाहित युरोपीय प्रवाशांचे तंबू पडत. कुटुंबवत्सलांची जागा निराळी, मुन्शीबागेत होती.

सात पुलांची नदी

येथवरची फेरी एका सकाळची आहे. नदीवरची फेरी स्वतंत्रपणे, दुसऱ्या दिवशी करणे सोयीचे. चुंठ कुल झेलमला मिळते ते शेरगढी या जुन्या राजवाड्यासमोर. तेथून प्रवाहाबरोबर खाली गेल्यास जुन्या शहराचा कणाच उलगडतो.

काश्मिरीत पुलाला कदल म्हणतात. अमीरा कदल, हब्बा कदल, फतेह कदल, झैना कदल, आली कदल, नवा कदल आणि सफा कदल हे श्रीनगरचे सात परंपरागत पूल. दीर्घकाळ शहराचा पत्ता या पुलांवरूनच सांगितला जाई. जुने पूल पूर्णतः देवदाराचे होते. ओंडक्यांचे थर एकावर एक आडवे-उभे रचून, त्यांच्या पोकळीत दगड भरून खांब उभारत. वरचे थर क्रमाक्रमाने दोन्ही अंगांना पुढे काढीत नेत, म्हणजे दोन खांबांमधले अंतर कमी होई आणि उरलेल्या अंतरावर लांब तुळया टाकल्या की पूल तयार. थरांमधून पाण्याला वाट मिळत असल्यामुळे पुराचा जोर खांबांवर एकवटत नसे. हब्बा कदल आणि झैना कदल यांच्यावर तर दुकानेही होती. विसाव्या शतकात बहुतेक ठिकाणी जुन्या पुलाच्या जागी किंवा शेजारी काँक्रीटचे पूल आले. कल्हणाने मात्र याहूनही जुना एक सेतू सांगितला आहे: श्रीनगरचा संस्थापक दुसरा प्रवरसेन याने बांधलेला नौकांचा पूल.

फतेह कदल आणि झैना कदल यांच्या दरम्यान उजव्या काठावर खानकाह-ए-मौला ही वास्तू आहे. संत मीर सय्यद अली हमदानी यांच्या स्मरणार्थ सुलतान सिकंदराने १३९५ च्या सुमारास ती प्रथम बांधली. आगीत नष्ट झाल्यावर ती पुन्हा उभारली गेली आणि आजचे बांधकाम अठराव्या शतकातील आहे. उतरत्या छपरांचे थर आणि वर निमुळता कळस अशी ही संपूर्ण लाकडी रचना नदीतूनच सर्वांत चांगली दिसते, कारण तिचे तोंडच नदीला सन्मुख आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिचा कळस आगीत जळाला आणि पुढच्या वर्षी नवा बसवण्यात आला. समोरच्या काठावर नूरजहानने १६२३ मध्ये बांधवलेली दगडी पत्थर मशीद आहे. लाकूड आणि दगड, काश्मिरी आणि मोगल, अशा दोन वास्तुपरंपरा येथे नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर उभ्या आहेत. झैना कदलच्या खाली सुलतान झैन-उल-आबिदीनच्या मातेची विटांची कबर लागते. शेवटी, सफा कदलच्या पुढे छत्ताबल येथे नदीत आडवा बंधारा आहे. हिवाळ्यात पाणी उतरल्यावरही शहरातून नौका चालाव्यात म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला गेला. एका शहराने केवळ नौकांसाठी नदीची पातळी राखून धरावी, यावरून जलवाहतुकीचे तत्कालीन महत्त्व कळते.

जो कालवा दिसत नाही

या फेरीत सर्वांत महत्त्वाचा जलमार्ग प्रवाशाला दाखवता येत नाही. तो नालामार. १४२० ते १४७० या काळात राज्य करणाऱ्या आणि बडशाह या नावाने लोकांच्या स्मरणात राहिलेल्या झैन-उल-आबिदीनने तो शहराच्या दाट वस्तीतून काढला. डलला लागून असलेल्या ब्रारी नंबल या पाणथळीतून निघून तो खुशालसर आणि आंचार या सरोवरांकडे जात असे. त्याच्यावर दगडी कमानींचे पूल होते आणि काठाने उंच लाकडी घरे. श्रीनगरला 'पूर्वेचे व्हेनिस' म्हणणाऱ्या जुन्या प्रवाशांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः हेच दृश्य असे.

नळाचे पाणी आणि मोटारी आल्यावर नालामारची उपेक्षा सुरू झाली. पाणी साचू लागले, सांडपाणी मिसळू लागले, दुर्गंधी वाढली. तो कालवा म्हणजे रोगराईचे मूळ आणि वाहतुकीतील अडथळा आहे, असे मत बळावले. अखेर १९७० च्या दशकात तो बुजवून त्याच्यावर रुंद रस्ता काढण्यात आला. रस्त्याची गरज खरी होती, हे मान्य केले पाहिजे. दाट वस्तीत अग्निशामक गाडी शिरू शकत नव्हती. पण कालवा हा केवळ मार्ग नव्हता, तो निचराही होता. त्याच्यावाटे सरोवराच्या पश्चिम भागातील पाणी हालते राही आणि अधिक झालेले पाणी उत्तरेकडील सरोवरांत जाई. तो बंद होताच ब्रारी नंबलचे पाणी कोंडले आणि त्याची अवस्था बिघडत गेली. नगीन सरोवरातून निघणारा नाला अमीर खान हा उत्तरेकडचा दुसरा मार्ग तेवढा उरला. त्यालाही अतिक्रमण आणि गाळ यांनी ग्रासले आहे.

आज नालामार रस्त्यावरून जाताना नाईद कदल, बोहरी कदल, सराफ कदल, राजौरी कदल अशी स्थळनामे लागतात. ही सारी पुलांची नावे आहेत आणि त्यांच्याखाली पाणी नाही. भाषेने जे जपून ठेवले, ते नगररचनेला जपता आले नाही.

पाण्याचे भवितव्य

डलचे दुखणेही याच प्रकारचे आहे. तेलबल नाल्यातून येणारा गाळ, काठावरच्या वस्त्यांचे सांडपाणी आणि खतांचे अंश यांमुळे पाण्यात पोषक द्रव्ये वाढतात. पाणवनस्पती बेसुमार माजतात, त्या कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि तळ वर येत जातो. उथळ झालेल्या भागात डेंब वाढवणे सोपे जाते आणि अशा रीतीने जमीन पाण्यावर आक्रमण करते. सरोवरांच्या देखभालीसाठी १९९७ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. यंत्रांनी आणि हातांनी वनस्पती काढल्या जातात, सांडपाण्यावर प्रक्रिया केली जाते, सरोवरातील कुटुंबांना बाहेर वसवण्याच्या योजना झाल्या. या अखेरच्या उपायात मोठा पेच आहे. पाण्यावर राहणारा माणूस सरोवर दूषित करतो हे खरे. परंतु सरोवराची वाट, ऋतू आणि खोली जाणणाराही तोच आहे. त्याला दूर केल्यावर हे ज्ञान कोठे राहील?

या प्रश्नाचे उत्तर एकदा प्रत्यक्ष परिस्थितीनेच दिले. सप्टेंबर २०१४ मध्ये झेलमचे पाणी बांध फोडून शहरात शिरले आणि कित्येक वस्त्या अनेक दिवस बुडालेल्या राहिल्या. रस्ते नाहीसे झाले, मोटारी निरुपयोगी ठरल्या. त्या दिवसांत लष्कराच्या आणि मदतपथकांच्या नौकांबरोबर डलवरचे शिकारेही गल्ल्यांमधून फिरत होते आणि वरच्या मजल्यांवर अडकलेल्या लोकांना बाहेर काढीत होते. ज्या नौका सहलीपुरत्या उरल्या आहेत असे वाटत होते, त्याच शहराच्या कामी आल्या. पाण्याला वाट ठेवली नाही तर ते आपली वाट स्वतः शोधते, हे त्या महापुराने दाखवले.

म्हणून ही फेरी सावकाश करावी. हांजीला घाई करू नये. मधूनच त्याने वल्हे थांबवून एखादी पायरी, एखादे बंद दार किंवा बुजलेल्या कालव्याचे तोंड दाखवले तर ते नीट पाहावे. 'येथून पूर्वी पुढे जाता येत असे,' हे वाक्य या प्रवासात अनेकदा ऐकू येते. श्रीनगरचे बाकीचे जलमार्ग त्या वाक्यात जमा होऊ नयेत, यासाठी ते आधी ओळखले गेले पाहिजेत. आणि जलमार्ग ओळखायचा तर त्यावरून जावेच लागते.